चाकांवरचा कॅमेरा

समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी मला व्हीलचेअरवर बसलेलं पाहिलं आणि त्यांच्या हातातली दुधाची पिशवी जमिनीवर आपटली. "घाबरू नका," मी म्हणालो, "शॉट चालू आहे." आता यात घाबरण्यासारखं काय होतं? पण बाई "अहो, यांच्या बोलण्यावरसुद्धा परिणाम झालाय!" असं ओरडत आत पळाल्या आणि मी दुधात चाकं भिजवत कॉरिडॉरमध्ये बसून राहिलो. खुर्ची ढकलणारे ड्रायव्हरकाका मागून शांतपणे म्हणाले, "साहेब, गाडी रिव्हर्स घेऊ का?"

आवक-जावक विभागात तीस वर्षं इमानेइतबारे काढलेल्या माणसावर ही वेळ का आली, ते सांगितलं पाहिजे.

लेकीचं लग्न ठरलं होतं. नोंदणी कचेरीत, सह्या करून, दहा-बारा माणसांत. गाजावाजा तिलाही नको होता आणि होणाऱ्या जावयांनाही नको होता. व्हिडिओ मात्र हवा होता, कारण आई लग्नाला येणार नव्हती. तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ती येणार नाही हे आम्ही नवराबायकोने ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी, दवाखान्याच्या जिन्यात उभ्याउभ्या ठरवून टाकलं होतं. आईला तसं सांगितलं तेव्हा तिने कुरकुर केली नाही. कुरकुर करणं, काही मागणं हे तिच्या स्वभावातच नाही. ती फक्त म्हणाली, "सही करताना तिचा चेहरा तेवढा मला दिसू दे. बाकी काही नको. तिचं नाव पाटीवर मीच गिरवून घेतलं होतं तिच्याकडून. लिहिताना जिभेचं टोक बाहेर काढायची. अजून काढते का, तेवढं बघायचंय."

एवढीच मागणी. मी म्हटलं, आई, तू निर्धास्त राहा.

मग आम्ही स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्याने नमुना म्हणून एका लग्नाची फिल्म लावली. पहिली चार मिनिटं नवरदेव मनगटाला घड्याळ बांधत होता. चार मिनिटं! मला वाटलं, पट्टा तुटला असावा. मग नवरी जिन्यावरून धावत आली. मग तीच नवरी त्याच जिन्यावरून पुन्हा धावत आली, पण पाण्यातून चालल्यासारखी. तिसऱ्या वेळी ती वरून दिसली, बहुधा कॅमेरावाला पंख्याला लोंबकळत होता. शेवटी सूर्य मावळला आणि नावं आली. लग्न लागलं की नाही ते कळलंच नाही. मी सुन्न होऊन म्हणालो, "यापेक्षा मी बरा काढीन."

हे वाक्य मी मनात म्हणालो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी ते मोठ्याने म्हणालो आणि बायको म्हणाली, "मग काढा." बावीस वर्षांत या बाईने माझं एक वाक्य पहिल्या फटक्यात मान्य केलं, ते नेमकं हे.

स्टुडिओवाला भला माणूस. त्याने कॅमेरा भाड्याने दिला आणि वर तासभर शिकवणीही दिली. "साहेब, कॅमेरा हलला पाहिजे, पण हललेला दिसता कामा नये." मी अवाक झालो, कारण आमच्या कचेरीत गेली तीस वर्षं बरोब्बर याच्या उलट चालतं. मग त्याने कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर स्केचपेनने रेघा मारून चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडले. माणूस कधी मधोमध ठेवायचा नाही, रेघेवर ठेवायचा. डोळे वरच्या रेघेवर. तो ज्या बाजूला बघत असेल तिकडे जागा मोकळी सोडायची. आणि पुढे जाताना किंवा मागे येताना एक ते दहा मोजायचं. दहाच्या आत संपला तो झटका, दहाला संपला तो शॉट.

घरी येऊन मी हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत चालत चालत पहिला शॉट घेतला. तो टीव्हीवर बघताना लेकीला मळमळायला लागलं. बायको म्हणाली, "भूकंप कधी झाला?" मी पावलं हलकी टाकून पाहिली, गुडघे वाकवून पाहिलं, श्वास रोखून पाहिला. श्वास रोखल्यावर शॉट बरा आला, पण आठच्या पुढे मोजता येईना.

तेव्हा खालच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका वर आले. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस कुठल्याही विषयाकडे स्टिअरिंगच्या मागूनच बघतो. त्यांनी माझा भूकंप दोनदा पाहिला आणि निकाल दिला, "माणूस चालला की खालीवर होतो, साहेब. चाक होत नाही. तुम्हाला चाक पाहिजे."

आणि आम्हा दोघांची नजर एकदमच आईच्या खोलीतल्या व्हीलचेअरवर गेली. ती त्याच आठवड्यात आली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता रोज दोन-तीन तास खुर्चीत बसवा, बाहेर फिरवून आणा, मोकळी हवा मिळू द्या. आईने मोठ्या मनाने खुर्ची दिली. मी कॅमेरा घेऊन बसलो, काकांनी ढकललं, आणि काय सांगू! लोण्यातून सुरी फिरावी तसा शॉट आला. मला स्वतःलाच धक्का बसला. पुढचे आठ दिवस आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ कॉरिडॉरमध्ये सराव केला. काका निघताना तोंडाने "टिंग टिंग" म्हणायचे आणि थांबताना असा ब्रेक लावायचे की कपातला चहा हलू नये.

पहिल्याच दिवशी ती दुधाची पिशवी पडली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एका गृहस्थाने माझा हात हातात घेतला आणि न बोलता तीन मजले धरून ठेवला. तिसऱ्या दिवशी कचेरीतले चौघे फळांची पिशवी घेऊन घरी आले. मी धावत जाऊन दार उघडलं. दारात मला उभा बघून त्यांचे चेहरे जे पडले, ते मी विसरू शकत नाही. जिवंत, धडधाकट माणूस बघून लोक इतके नाराज होतात? त्यातला एक सारखा माझी नजर चुकवत होता. मी रजेवर होतो तेवढ्या दोन दिवसांत त्याने खिडकीजवळचं माझं टेबल घेतलं होतं. ते कळल्यावर मला खरोखरच खुर्चीत बसावं लागलं. मी गेलो असतो तर एक वेळ समजलं असतं, पण नुसता बसलो तर टेबल गेलं!

घरात मात्र एका माणसाला माझ्या कामाची कदर होती, ती म्हणजे आईला. तिचा उत्साह बघून मी थक्क झालो. रोज संध्याकाळी पलंगावरून काहीतरी विचारायची. "ही खुर्ची काकांच्या गाडीत मावते का रे?" मी म्हटलं, "मावते, घडी होते तिची." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "कचेरीला पायऱ्या असतील ना?" मी म्हटलं, "आई, मी सगळं बघून आलोय. रॅम्प आहे. दारं रुंद आहेत. तू कसलीही काळजी करू नकोस." तेव्हा ती इतकी खूश झाली की मला भरून आलं. "आणि चढावर पोटात ढवळत नाही ना?" तिने विचारलं. एक्क्याऐंशी वर्षांची बाई आणि हलत्या कॅमेऱ्याच्या तांत्रिक बाजूंबद्दल इतकी जिज्ञासा! मी तिला रॅम्पवर चौकट तिरकी कशी होते आणि ती सरळ कशी ठेवायची, हे अर्धा तास समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं. मी पडायची नाही म्हणजे झालं." मी म्हटलं, कॅमेरा पडणार नाही, मी गळ्यात पट्टा घालतो.

आता नोंदणी कचेरी. तिथला कारकून म्हणजे माझ्याच जातकुळीचा माणूस, नियमाला पक्का. म्हणून तर मला धास्ती होती. तो म्हणाला, "कॅमेरा चालेल. स्टँड चालणार नाही, स्टँड म्हणजे फर्निचर. बाहेरचं फर्निचर आणायचं तर वरच्या मजल्यावर अर्ज." मी वर गेलो. वरचे म्हणाले, "फर्निचर आणा, पण चाकं नकोत. चाकं लागली की ते वाहन. वाहन पार्किंगमध्ये." मी खाली आलो. कारकुनाला विचारलं, "आणि व्हीलचेअर?"

"व्हीलचेअरला काही लागत नाही. फक्त तिच्यावर पेशंट पाहिजे. पेशंट आणि एक मदतनीस."

"पेशंटच्या हातात कॅमेरा असला तर?"

त्याने खरोखर नियमांची वही काढली आणि पानं उलटून पाहिली. मग चष्मा काढत म्हणाला, "पेशंटने हातात काय धरावं याबद्दल काही लिहिलेलं नाही."

इथे एक कबुली देतो. मी आयुष्यात कुठल्या अर्जात खोटं लिहिलेलं नाही. पण नोंदवहीत पेशंटचं नाव या रकान्यात मी माझं नाव लिहिलं तेव्हा माझा हात थरथरला आणि ते बघून कारकुनाने हळूच माझ्याकडे स्वतःची खुर्ची सरकवली.

लग्नाचा दिवस उजाडला. लेक आणि बायको कागदपत्रं घेऊन तासभर आधीच पुढे गेल्या. मी आणि ड्रायव्हरकाका मागे थांबलो, कारण सुरुवातीचा शॉट आईचा होता. तिच्या चेहऱ्यापासून निघायचं, मागे मागे येत हॉल ओलांडायचा, दारातून बाहेर पडायचं आणि न थांबता थेट लिफ्टपर्यंत. आठ दिवस मी या एका शॉटची स्वप्नं बघत होतो. खोलीत गेलो तर आई ठेवणीतले कपडे घालून, केस विंचरून पलंगाच्या कडेला बसलेली. दुधाच्या पिशवीवाल्या बाई तिच्या सोबतीला येऊन बसल्या होत्या. मला बघून आई म्हणाली, "मी तयार आहे रे."

"झकास!" मी म्हणालो. "आता अजिबात हलू नकोस."

मी डोळे वरच्या रेघेवर घेतले. तिला खिडकीकडे बघायला सांगितलं आणि त्या बाजूला जागा मोकळी सोडली. काका म्हणाले, "टिंग टिंग." मी मोजायला लागलो. खुर्ची अशी अलगद निघाली की मलाच पत्ता लागला नाही. दहाला आम्ही लिफ्टच्या दारात होतो. काकांनी खाली येताना माझी पाठ थोपटली. तीस वर्षांत माझ्या साहेबांनी कधी थोपटली नव्हती.

कचेरीत मात्र सुरुवातच अवघड झाली. पहारेकऱ्याने मला रॅम्पवर बघितलं आणि सलाम ठोकला. रांगेतली माणसं बाजूला झाली. एक अनोळखी म्हातारा माझ्या गुडघ्यांवर स्वतःची शाल टाकून गेला. त्यांना कसं सांगणार, की बाबांनो, मी गेल्याच आठवड्यात दोन जिने चढून तुमच्या वरच्या मजल्यावर आलो होतो? आणि दारात तो कारकून उभा, वही काखेत घेऊन.

सहीची वेळ आली. माझी योजना पक्की होती. जावयांच्या हातापासून निघायचं, टेबलाच्या कडेने सरकत सरकत सहाला लेकीच्या पेनावर आणि आठला तिच्या चेहऱ्यावर. काकांना रस्ता खडूने आखून दिला होता. लेकीने पेन उचललं. मी म्हणालो, एक. दोन. तीन. चारला विवाह अधिकारी अचानक आपल्या खुर्चीतून उठले.

"अहो, बाबांना इतकं लांब का बसवलंय?" असं म्हणत ते टेबलाला वळसा घालून आले, माझ्यासमोर वाकले आणि दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवून आपल्या वडिलांची हकीकत सांगायला लागले. त्यांचे वडीलही असेच खुर्चीत होते म्हणे. कॅमेऱ्याच्या काचेपासून चार बोटांवर त्यांच्या कोटाचं दुसरं बटण. मी उजवीकडे झुकलो, तेही उजवीकडे झुकले. मी मान लांब केली, त्यांना वाटलं मला पाणी हवंय. उठून उभं राहिलो असतो तर एका पावलात काम झालं असतं, पण दारात वही काखेत घेऊन कारकून! मी दात ओठ खाऊन बसून राहिलो. कोट बाजूला झाला तेव्हा लेक पेनाचं टोपण लावत होती.

 आईला मी काय सांगणार? मी "पुन्हा एकदा सही कर" असं म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर शिक्का बसला होता. आणि त्या गोंधळात, लेक माझ्याकडे "बाबा" म्हणून धावत आली तेव्हा, मी सगळं विसरून ताडकन उठलो आणि तिला मिठी मारली.

 आधी कुणीतरी किंचाळलं. मग टाळ्या. तो म्हातारा आपली शाल उचलून डोळ्यांना लावत होता. विवाह अधिकारी म्हणाले, "इतक्या वर्षांत मी या खोलीत असं कधी पाहिलं नाही." बायको माझ्याकडे अशी बघत होती की ती जमीन दुभंगण्याची वाट बघत असावी. फक्त कारकुनाचं डोकं ठिकाणावर होतं. तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आता आपण चालू शकता. म्हणजे खुर्ची रिकामी. रिकामी खुर्ची हे वाहन. बाहेर न्या." काकांनी तिची घडी घालून ती आपल्या गाडीच्या डिकीत टाकली.

संध्याकाळी सगळे आईच्या खोलीत जमलो. लेक, जावई, बायको, काका, शेजारच्या बाई. आई उशीला टेकून बसली होती, थोडी दमलेली वाटली. मी कॅमेरा टीव्हीला जोडला. आता हा कॅमेरा शेवटचा शॉट आधी दाखवतो आणि पहिला शेवटी, हे मला स्टुडिओवाल्याने सांगितलं नव्हतं. त्यामुळे आधी फरशी आणि माझे बूट दिसले, तो मिठीचा प्रसंग. मग सही. जावयांचा हात आला, टेबलाची कड आली आणि कोट आला. कोटाचं बटण पडदाभर, आणि मागून अधिकाऱ्यांच्या वडिलांची हकीकत.

"ती कुठाय?" आईने विचारलं.

"मागे आहे," मी म्हणालो. "थांब जरा." बटण तसंच राहिलं. मी घाईघाईने म्हणालो, "आता बघ, आता तुझा शॉट येतोय. हा खरा शॉट आहे."

आणि तो खराच होता. आईचे डोळे वरच्या रेघेवर, खिडकीचा उजेड गालावर. जावई "वा!" म्हणाले. पडद्यामागून माझाच आवाज येत होता, एक, दोन, तीन. कॅमेरा मागे सरकला आणि आई पूर्ण दिसायला लागली. सकाळी मी फक्त तिचे डोळे बघत होतो. आता दिसलं की तिच्या पायांत चपला होत्या. मांडीवर पर्स होती आणि तिने ती दोन्ही हातांनी धरली होती. पाच, सहा. कॅमेरा दारापर्यंत आला. आईने खिडकीवरून नजर काढून आमच्याकडे बघितलं आणि एक हात पुढे केला. सकाळी मला वाटलं होतं, ती टाटा करतेय. सात, आठ. आणि माझ्या आठ आणि नऊच्या मध्ये, अगदी स्पष्ट, तिचा आवाज आला.

"अरे, आणि मी?"

नऊ. दहा. लिफ्टचं दार बंद झालं.

 माझ्या हातापायातलं त्राण गेलं. खरंच गेलं, त्यात कसलंही शूटिंग नव्हतं. शेजारच्या बाई खाली बघत म्हणाल्या, "दुपारपर्यंत चपला काढू देईनात मला. म्हणाल्या, येतीलच आता न्यायला."

"आजी," म्हणत लेक तिच्याजवळ पलंगावर जाऊन बसली.

"अगं, मला वाटलं आधी खुर्ची गाडीत ठेवून येतात, मग मला नेतात," आई म्हणाली. "हाच म्हणाला होता ना, सगळं बघून आलोय म्हणून." ती माझ्यावर रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पडद्याकडे पाहिलं. तो आता काळा झाला होता. "पुढे आहे का काही? तिचा चेहरा?"

मी नकारार्थी मान हलवली. 

"बरं," ती म्हणाली. "मग ती खुर्ची तेवढी आण इकडे. सकाळपासून या पलंगावर बसून पाठ अवघडलीय."

मी काकांकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे बघितलं. खुर्ची अजून खाली, गाडीच्या डिकीतच होती.